पुण्यात उंच इमारती हव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या एका चार मजली इमारतीत मी वाढले. आज त्याच गल्लीत तीन ठिकाणी पत्रे लागले आहेत आणि तिन्ही पत्र्यांवर बारा-चौदा मजल्यांची चित्रं आहेत. शहरनियोजनाबद्दल मी लिहिते म्हणून लोक प्रश्न पाठवतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न या एकाच विषयावर आले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियमांचे आकडे राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतले आहेत. ते भूखंडागणिक बदलतात, म्हणून सही करण्याआधी आपल्या आर्किटेक्टकडून तपासून घ्याच.

१. उंच इमारत नक्की कितव्या मजल्यापासून म्हणायची?

राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर किंवा त्याहून जास्त उंचीच्या इमारतीला उंच म्हणते. खाली पार्किंग आणि वर चार मजले झाले की आपण तिथे जवळजवळ पोहोचतो. म्हणजे कागदावर पुण्यातल्या कितीतरी साध्या इमारती उंच ठरतात. बोलण्यात मात्र आपण दहा-बारा मजल्यांच्या वर गेल्याशिवाय 'टॉवर' म्हणत नाही. या पानावर 'बैठं' म्हणजे तळमजला आणि वर तीन, 'मध्यम' म्हणजे पाच ते आठ राहते मजले, आणि 'उंच' म्हणजे त्याच्या वरचं सगळं. मधला प्रकार लक्षात ठेवा, पुढे तो बऱ्याचदा येईल.

२. पुणं इतकी वर्षं बैठं का राहिलं?

पेठांमध्ये वाडे होते: दोन-तीन मजले, मधे चौक, चौकात हौद किंवा आड. गल्ल्या त्या मापाच्या होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबं बेघर झाली. सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत त्यांचं पुनर्वसन झालं. बाहेर मोकळी जमीन भरपूर होती, त्यामुळे शहर आडवं पसरलं. सहकारी सोसायट्यांनी भूखंड पाडले, लोकांनी बंगले बांधले, दारात आंबा आणि मागे कढीपत्ता लावला.

पुढे फ्लॅट आले तरी बराच काळ मूळ एफएसआय १ होता. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. एकपट बांधकाम तीन-चार मजल्यांत सहज मावतं, वर जाण्याची गरजच पडत नव्हती. पुणं बैठं राहिलं त्यात पुणेकरांच्या आवडीचा वाटा लहान आहे. स्वस्त जमीन, कमी एफएसआय आणि अरुंद रस्ता या तिघांनी मिळून ते घडवलं.

३. मग आता अचानक चौदा मजले कुठून आले?

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच नियमावली लागू झाली. तिच्यात बांधकामाची मर्यादा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. दाट वस्तीबाहेरच्या भूखंडाला मूळ एफएसआय १.१ मिळतो. त्यावर शासनाला पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेता येतो आणि बाजारातून टीडीआर विकत घेता येतो. टीडीआर म्हणजे रस्त्यासाठी किंवा सार्वजनिक सोयीच्या आरक्षणासाठी जमीन देणाऱ्याला मिळालेला हस्तांतरणीय विकास हक्क.

एक हिशेब करून बघू. भूखंड १,००० चौरस मीटर, समोर ९ मीटरचा रस्ता. मूळ १.१, प्रीमियम ०.५, टीडीआर ०.४, एकूण २. जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी राहत्या इमारतीला यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र घेता येतं, तेही प्रीमियम भरून. झाले ३.२ पट, म्हणजे ३,२०० चौरस मीटर. चारी बाजूंची मोकळी जागा सोडून इमारतीखाली ४०० चौरस मीटर उरले, तर राहते मजले आठ. पार्किंगचे दोन-तीन मजले धरा, झाले दहा-अकरा. हाच भूखंड २४ मीटर रस्त्यावर असता तर एकूण २.७५ धरून पार्किंगसकट चौदा होतात. आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियमही नाही, टीडीआरही नाही. मग साडेचार मजलेही पुरते होत नाहीत.

यात एक चक्र आहे. इमारत जितकी उंच, तितकी बाजूची मोकळी जागा जास्त सोडावी लागते, साधारण उंचीच्या एक पंचमांश. मोकळी जागा वाढली की इमारतीचा पाया आक्रसतो. पाया आक्रसला की तेवढंच बांधकाम बसवायला आणखी वर जावं लागतं. लहान भूखंडांवर हे चक्र इतकं आवळतं की नकाशाच बसत नाही. म्हणून हल्ली शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र येण्याचे प्रस्ताव येतात. माझ्या मते ते विचार करण्यासारखे असतात.

४. उंच बांधलं म्हणजे जास्त माणसं मावतात, हे तर उघड आहे ना?

नाही. या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून उत्तर जरा लांब देते.

उंची आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदाशिव किंवा कसबा पेठेत दोन-तीन मजल्यांच्या वाड्यांमध्ये माणसांची जितकी दाटी होती, तितकी उपनगरातल्या कितीतरी वीस मजली संकुलांत नसते. वाड्यात दोन खोल्यांत पाच-सहा माणसं राहायची. संकुलात तीन बेडरूमच्या घरात तिघं राहतात, आणि टॉवरांच्या मधे क्लबहाऊस, रस्ते, पाहुण्यांचं पार्किंग असतं. वरून फोटो काढला तर संकुल दाट दिसतं. एकरी माणसं मोजली तर चित्र बदलतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचं. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत ही वसाहत आखली: सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशेच्या आसपास बैठी घरं, सात-सात घरांमागे एक चौक, प्रत्येक घराला वर आकाश. लिफ्ट नाही, पंपांवर वीस मजले पाणी चढवणं नाही. पुढे रहिवाशांनी बरीच घरं पाडून मोठी बांधली, मूळ रूप फारसं उरलेलं नाही. पण बैठ्या घरांतही दाट वस्ती बसू शकते, हे तिथे सिद्ध झालं.

पॅरिस हे जगातल्या दाट शहरांपैकी एक आहे, आणि ते मुख्यतः सहा-सात मजल्यांचं आहे. २०२३ मध्ये त्या शहराने नव्या इमारतींवर ३७ मीटरची मर्यादा पुन्हा घातली.

पुनर्विकासात आणखी एक गोष्ट होते. २४ जुन्या घरांच्या जागी ५० येतात, पण प्रत्येक घर दीडपट-दुप्पट मोठं असतं. बांधकाम तिप्पट झालं म्हणून माणसं तिप्पट झाली असं होत नाही. गाड्या मात्र होतात.

५. तुमचं मत सरळ सांगा: बांधावेत की नाही?

पुण्यात घरं वाढायलाच हवीत, आणि ती शहराच्या आत वाढायला हवीत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, आणि हद्द मुंबईपेक्षा मोठी झाली. त्या गावांत घर स्वस्त मिळतं म्हणून माणूस तिथे जातो, आणि मग आयुष्यातले रोजचे तीन तास रस्त्यावर घालवतो. हे मला मान्य नाही. 'आमच्या गल्लीत नको' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं की ती घरं नाहीशी होत नाहीत, ती मांजरीला किंवा वाघोलीच्या पलीकडे जातात.

पण त्यासाठी सरसकट टॉवर लागत नाहीत. जुन्या वसाहतींत पाच ते आठ राहते मजले, सलग आणि विचारपूर्वक बांधलेले, हे माझं उत्तर आहे. उंच इमारती तिथे बांधाव्यात, जिथे रस्ता रुंद आहे, मेट्रो चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पाण्याची व सांडपाण्याची वाहिनी आधी मोठी झालेली आहे. 'आधी' या शब्दावर माझा सगळा भर आहे.

६. मेट्रोजवळ ४ एफएसआय मिळतो म्हणतात. खरं का?

मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत, पुरेसा रुंद रस्ता आणि पुरेसा मोठा भूखंड असेल, तर ४ पर्यंत. अरुंद रस्त्यावर तो मिळत नाही. तत्त्व योग्य आहे: जिथे गाडीशिवाय फिरता येतं तिथे माणसं जास्त राहावीत. ६ मार्च २०२२ ला पुण्यात मेट्रो सुरू झाली आणि वनाजपासून रामवाडीपर्यंतच्या पट्ट्याचे भाव, आराखडे, सगळं हललं.

माझा आक्षेप पार्किंगवर आहे. स्थानकाला लागून असलेल्या इमारतीत घरटी दोन गाड्यांची जागा दिली, तर आपण मेट्रोचं कारण सांगून गाड्यांचा मनोरा बांधला. पार्किंगचे तीन मजले काढा, इमारत तेवढीच घरं देऊन नऊ मीटरने बुटकी होते.

७. पेठांमध्ये टॉवर का होऊ नयेत? वाडे तर पडायलाच आलेत.

वाडे पडायला आलेत हे खरं आहे, आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत खाली येते. त्यात राहणारे बहुतेक जुने भाडेकरू असतात, मालक आठ-दहा वारसांत विभागलेला असतो, आणि वाडा दुरुस्त करणं कुणालाच परवडत नाही. त्यांना सुरक्षित घर मिळायलाच हवं. पण पेठेतल्या गल्लीत अग्निशमन दलाचा बंब वळत नाही आणि मलवाहिनी जुन्या वस्तीच्या मापाची आहे. एकेक वाडा सुटा घेऊन उंच केला की शेजारच्या वाड्याचा चौक विहिरीसारखा होतो. इथे चार-पाच वाडे एकत्र करून मधला चौक राखत पाच-सहा मजले बांधणं हाच मार्ग मला दिसतो. समूह पुनर्विकास ही कल्पना त्यासाठीच आहे. अडतं ते वारसांच्या सह्यांवर.

शनिवारवाड्याजवळ असाल तर पुढचा प्रश्न वाचा.

८. आमचा वाडा शनिवारवाड्याला लागून आहे. आम्हाला बांधकामच करू देत नाहीत. का?

शनिवारवाडा केंद्र-संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम पूर्ण बंद आहे. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यांभोवतीही हेच.

१०० मीटरच्या आत दुरुस्तीची परवानगी मागता येते, नव्या बांधकामाची नाही. शेकडो कुटुंबं यात अडकली आहेत. मेट्रोचं कसबा पेठ स्थानक हाकेच्या अंतरावर आलं, कागदावर जास्त एफएसआय दिसतो, आणि प्रत्यक्षात एक वीट रचता येत नाही. स्मारक जपायला हवं, यात दुमत नाही. पण त्याची किंमत एकट्या शेजाऱ्यांनी भरावी हे मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या न वापरता येणाऱ्या हक्काचा मोबदला ठरवणं ही शासनाची जबाबदारी आहे.

९. पाणी कुठून आणणार?

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी साठतं. त्यावर पुणं आहे आणि दौंड-इंदापूरपर्यंतची शेतीही आहे. पूर्व भागासाठी भामा आसखेडचं पाणी २०२१ मध्ये आलं.

माणशी रोज १३५ लिटर हे शहरी मापक धरलं, तर चार माणसांच्या १०० घरांना रोज ५४ हजार लिटर लागतं. नळ पुरला नाही तर दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर, रोज. हे मी भीती घालायला सांगत नाही. बाणेर, वाघोली, उंड्री इथे राहणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे.

पण एक लक्षात घ्या. तीच १०० कुटुंबं शहराबाहेर बैठ्या घरात राहिली तरी पाणी तेवढंच पितात, बागेला आणखी घालतात, आणि तिथवर नळ न्यायला जास्त खर्च येतो. म्हणून पाणी हे उंचीविरुद्धचं कारण होऊ शकत नाही. वाहिनी टाकण्याआधी भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, देण्याविरुद्धचं ते कारण आहे.

दोन-तीन तळघरं खोदण्याबद्दलही सांगायला हवं. पुण्याखाली काळा बेसॉल्ट आहे, आणि त्याच्या भेगांमधून भूजल वाहतं. खोल तळघर त्या भेगा कापतं. मग पंप लावून ते पाणी वर्षानुवर्षं गटारात सोडलं जातं, आणि शेजारच्या विहिरी-बोअर कोरडी पडतात. खोदाई सुरू होण्याआधी आपल्या बोअरची पातळी मोजून लिहून ठेवा.

१०. आग लागली तर चौदाव्या मजल्यावरून उतरायचं कसं?

जिन्याने. लिफ्टने नाही. २४ मीटरच्या वर गेलेल्या इमारतीत आसऱ्याची जागा, म्हणजे रेफ्युज, असावी लागते, आणि पुढे दर १५ मीटरला आणखी एक. ती जागा कायम मोकळी हवी. तिथे सायकली, जुनी कपाटं, कुंड्या ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

२००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यावं लागतं. घर विकत घेताना गेल्या दोन वर्षांची ही प्रमाणपत्रं मागा. मिळाली नाहीत तर तो धोक्याचा इशारा समजा.

११. भूकंपाचं काय?

पुणे भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात धरलं जातं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता. खाली कठीण खडक आहे हे चांगलंच. नियमाप्रमाणे आरेखन केलेली नवी उंच इमारत ही देखभाल नसलेल्या जुन्या तीन मजली इमारतीपेक्षा सुरक्षित असते. खरी काळजी त्या जुन्यांची करा.

१२. उंच इमारती झाल्या की घरं स्वस्त होतील ना?

आपोआप नाही. उंची वाढली की दर चौरस फुटाचा बांधकाम खर्च वाढतो: जाड खांब, जास्त लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, लांबलेलं काम. वर प्रीमियम आणि टीडीआरचे पैसे. ते सगळं घराच्या किमतीत येतं. मध्यम उंचीची घरं बांधायला स्वस्त पडतात, हा त्यांच्या बाजूचा माझा सर्वांत व्यवहारी मुद्दा आहे.

तरी घरं वाढलीच नाहीत तर भाव आणखी चढतील, हेही खरं. नियमावलीत एक चांगली तरतूद आहे: ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. सोडतीवर लक्ष ठेवा, चांगल्या ठिकाणची घरंही त्यात असतात.

१३. आमची सोसायटी जुनी आहे. बिल्डर म्हणतो चौदा मजल्यांशिवाय परवडत नाही. खरं बोलतोय का?

अंशतः. तो तुमची घरं मोफत मोठी करून देतो, बांधकामाच्या काळातलं भाडं देतो, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी देतो, आणि हे सगळं विक्रीच्या घरांतून काढतो. तुमच्या मागण्या जितक्या वाढतात, तितके विक्रीचे मजले वाढतात. म्हणजे इमारतीची उंची काही प्रमाणात तुमच्याच सभेत ठरते. आमच्या सभेत पहिल्या बैठकीला लोकांनी ४० टक्के जादा कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापराचं क्षेत्र, मागितलं आणि दुसऱ्या बैठकीला तेच लोक 'एवढी उंच कशाला' म्हणाले. मीही त्यात होते. स्वतः आर्किटेक्ट नेमून व्यवहार्यता अहवाल केल्यावर कळलं की २५ टक्क्यांवर तीन मजले कमी होतात. हा अहवाल बिल्डरने दिलेला नको, सोसायटीने पैसे देऊन केलेला हवा.

प्रक्रिया राज्याच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे चालते. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, सभेचं चित्रीकरण हवं, आणि विकासकाची निवड सहकार खात्याच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हायला हवी. जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण करून घ्या.

तुमची सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, तर हा शासन निर्णय तुम्हाला लागू नाही. पुण्यात हा घोळ फार होतो, कारण एकाच गल्लीत दोन्ही प्रकार असतात. तुमचं घोषणापत्र १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते बघा.

१४. एकच सभासद नाही म्हणतोय. सगळं अडेल का?

बहुमताने रीतसर ठराव झाला असेल तर अल्पमताला प्रकल्प अडवून धरता येत नाही, ही उच्च न्यायालयाने वारंवार घेतलेली भूमिका आहे. पण न्यायालयात जाण्याआधी त्यांच्या घरी जा. नाही म्हणणारी व्यक्ती पुष्कळदा सत्तरी ओलांडलेली, एकटी असते. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, आणि परत यायला आपण असू की नाही, ही त्यांची भीती असते. त्याच गल्लीत तळमजल्यावर भाड्याचं घर शोधून दिलं की अनेकदा प्रश्न सुटतो.

१५. मी अमेरिकेत असते, फ्लॅट पुण्यात आईच्या आणि माझ्या नावावर आहे. मतदान कसं करू?

सहकारी सोसायटीच्या सभेत दुसऱ्याला पाठवून मत देता येत नाही, कुलमुखत्यारपत्र देऊनही नाही. तुम्ही पहिल्या नावाच्या सभासद असाल आणि आई रीतसर सहयोगी सभासद असतील, तर तुमच्या गैरहजेरीत त्या मत देऊ शकतात. आधी ती नोंद करून घ्या.

करारनाम्याची नोंदणी वेगळी गोष्ट आहे, तिथे कुलमुखत्यारपत्र चालतं. परदेशात केलेलं पत्र साक्षांकित हवं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं.

१६. शेजारी टॉवर आला आणि आमच्या बंगल्यावर ऊन येणं बंद झालं. काही करता येईल का?

नियमाप्रमाणे अंतर सोडलं असेल (प्रश्न ३) तर महापालिका परवानगी रद्द करणार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षं अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क मान्य आहे, पण तो खिडकीतून इमारतीत येणाऱ्या उजेडाचा. अंगणातल्या उन्हाला किंवा गच्चीवरच्या सौर पॅनेलला तो लागू करणं कठीण जातं. शिवाय भरीव नुकसान सिद्ध करावं लागतं. काम सुरू होण्याआधी तारखेसह फोटो काढून ठेवले, तर बाजू थोडी बळकट होते. काम संपल्यावर गेलात तर फार तर भरपाई मिळेल.

१७. आमची गल्ली सहा मीटरची आहे. नऊ मीटर केली तर टीडीआर मिळेल का?

दोन्ही बाजूंच्या मालकांनी दीड-दीड मीटर जागा दिली आणि रस्ता रीतसर ९ मीटर जाहीर झाला, तर मिळू शकतो. २०२० मध्ये महापालिकेत असे ३२३ रस्ते रुंद करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर मोठा वाद झाला. माझी हरकत रुंदीकरणाला नाही. पुढची भिंत मागे घेताना गल्लीतली झाडं जातात आणि मोकळी झालेली पट्टी पार्किंगला जाते, तिला हरकत आहे. ठराव करताना झाडं आणि पदपथ नकाशावर दाखवून घ्या.

१८. भूखंड पूररेषेत येतो. उंच बांधलं तर पूर लागणार नाही, मग हरकत काय?

निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. दोन्हींच्या मधे अटींवर होतं, जोतं पूरपातळीच्या वर ठेवून.

वरचे मजले कोरडे राहतील हे बरोबर. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा माणसं गेली ती तळाशी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंग, मीटरची खोली आणि पंप आधी बुडाले. वीज गेली, लिफ्ट गेली, पाणी चढणं बंद झालं. मग दहाव्या मजल्यावरच्या आजोबांना औषध कसं पोचवणार? शिवाय भराव घालून उंच केलेली जमीन पाणी शेजारच्या वस्तीत ढकलते. त्या वस्तीतल्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं.

१९. टेकडीच्या पायथ्याशी आहोत. काही वेगळे नियम?

डोंगरमाथा-डोंगरउतार आणि जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आधी तपासा. उतार असलेल्या भूखंडाला सपाट दाखवण्यासाठी खालून टेकडी कापणं हा गुन्हा आहे, तसं दिसलं तर तक्रार करा. वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या पायथ्याला उंच इमारतींची भिंत झाली की मागे राहणाऱ्यांना टेकडीवर चढायची वाटही उरत नाही. नकाशा मंजूर होताना सार्वजनिक पायवाट मागा.

२०. सगळ्या परवानग्या आहेत, तरी वरचे मजले अडले. असं का?

बहुधा विमानतळामुळे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, आणि खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. त्यांच्या भोवती रंगीत नकाशाप्रमाणे उंचीची मर्यादा आहे, आणि ती समुद्रसपाटीपासून मोजतात. म्हणजे एकाच रस्त्यावर चढावरच्या इमारतीला उतारावरच्या इमारतीपेक्षा कमी मजले मिळू शकतात. लष्करी हद्दीजवळ वेगळं ना-हरकत पत्रही लागतं. वरच्या मजल्यावर घर घेत असाल तर हे पत्र स्वतः वाचा, आणि महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर किती मजल्यांची मंजुरी आहे ते जुळवा. 'वरची मंजुरी येणारच आहे' असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

२१. झोपडपट्टी पुनर्वसनात लोकांना उंच इमारतीत नेतात. ते योग्य आहे का?

छप्पर पक्कं मिळतं, स्वतःचं शौचालय मिळतं. ते मिळायलाच हवं. पण लिफ्टचं बिल, पंपाची वीज, रंगरंगोटी हा दर महिन्याचा खर्च धुणीभांडी किंवा हमाली करणाऱ्या कुटुंबावर येतो. थकबाकी झाली की लिफ्ट बंद होते, आणि मग अकराव्या मजल्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन जिना चढते. जमिनीवर ज्यांची हातगाडी, इस्त्रीचं टेबल किंवा कोंबड्या होत्या, त्यांचं पोटही जातं. पुनर्वसनाची घरं विक्रीच्या घरांपेक्षा बुटक्या इमारतीत असावीत आणि तळमजल्यावर धंद्याला जागा असावी. बहुतेक योजनांत नेमकं उलट होतं: जमीन मोकळी व्हावी म्हणून सर्वांत गरीब माणसांना सर्वांत अरुंद भूखंडावर सर्वांत उंच चढवतात. तुमच्या वस्तीत योजना येत असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: देखभालीचा निधी किती आणि कुणाच्या खात्यात, लिफ्ट किती, आणि जनरेटर लिफ्ट व पंप दोन्हींना आहे का.